एसी, फ्रिज, वॉशिंग मशीन दुरुस्ती आणि बसवण्याचा धंदा : विमा कुठला आणि आधी कुणाचा?

हवाबदल (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. कळव्यात माझं दुकान आहे. चौदा वर्षं एसी, फ्रिज, वॉशिंग मशीन बसवणं आणि दुरुस्ती हेच काम. हाताखाली तीन पोरं आहेत, सीझनला एखादा जास्त घेतो. कामं कळवा, पाचपाखाडी, घोडबंदर रोडचे टॉवर, क्वचित ऐरोली-घणसोली.

फेब्रुवारीत घोडबंदरला नवव्या मजल्यावर वॉशिंग मशीन बसवलं. माझ्याच पोराने इनलेट पाईप जोडला, नळ उघडून दाखवला, ग्राहकाने सही केली. पाच दिवसांनी रात्री नट सुटला. घरात कोणी नव्हतं. सकाळपर्यंत पाणी खालच्या फ्लॅटमध्ये उतरलं. फॉल्स सीलिंग, भिंतीतलं कपाट, पलंगाचे ड्रॉवर, सगळं फुगलं. खालच्यांनी १ लाख ८० हजारांचं कोटेशन हातात ठेवलं. मी घाबरलो, चूक आमचीच म्हणून लगेच कबूल केलं आणि शेवटी ६० हजारांवर मिटलं. तीन हप्त्यांत दिले, शेवटचा हप्ता गेल्या आठवड्यात गेला.

आता त्याच सोसायटीने गेटवर सूचना लावली आहे : बाहेरच्या टेक्निशियनने विम्याची प्रत दाखवल्याशिवाय प्रवेश नाही. मी दोन एजंटांना फोन केला. एक म्हणाला दुकानाची पॉलिसी घ्या, दुसरा म्हणाला पब्लिक लायबिलिटी घ्या. कुणीच मला विचारलं नाही की मी नेमकं काय काम करतो. इथे कोणी या धंद्यातले किंवा विम्यातले असतील तर सांगा. मला कागद दाखवण्यापुरता नको, उपयोगी पडेल असा विमा हवा आहे.

पानेवाला

दादा, तुमचं वाचून पोटात गोळा आला. नौपाड्यात बावीस वर्षं हेच करतोय आणि आजपर्यंत एक रुपयाचा विमा काढलेला नाही. मोटरसायकलचा सोडून. इनलेटचा नट सुटणं माझ्याकडेही दोनदा झालंय, सुदैवाने दिवसा. आता मी नवीन वॉशर टाकतो, नट हाताने घट्ट करून वर पाव फेरा पान्याने देतो, आणि ग्राहकाला सांगतो की मशीन चालू नसेल तेव्हा नळ बंद. हे तोंडी नाही, बिलावर छापून घेतलंय.

धागा पहिल्या पानावर राहू द्या. आमच्या लायनीत हे कोणी बोलत नाही.

सूक्ष्मदर्शी

मी बरीच वर्षं नुकसानीच्या पाहणीचं, म्हणजे सर्व्हेचं काम केलं आहे. थोडं लांबेल, पण हे नीट समजून घ्या.

तुमच्या धंद्यात नुकसान चार ठिकाणी होऊ शकतं, आणि चारही ठिकाणांचा विमा वेगळा असतो. ग्राहकाचं किंवा तिऱ्हाइताचं नुकसान. तुमच्या पोराला इजा. तुमच्या दुकानातला माल आणि हत्यारं. आणि तुम्ही स्वतः. एजंट "दुकानाची पॉलिसी" म्हणाला तेव्हा तो तिसऱ्याबद्दल बोलत होता, दुसरा एजंट पहिल्याबद्दल. दोघंही खोटं बोलत नव्हते, पण तुमचा प्रश्न कुणी ऐकलाच नाही.

फेब्रुवारीतलं नुकसान पहिल्या प्रकारातलं. त्यासाठी पब्लिक लायबिलिटी पॉलिसी. (१९९१ चा पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स कायदा घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी आहे. नाव सारखं असल्याने काही जण चुकून तोच कागद पुढे करतात. तुम्हाला तो नको.) पण ही पॉलिसी घेताना तीन गोष्टी वाचल्याशिवाय सही करू नका.

पहिली, काम संपवून तुम्ही निघून गेल्यावर झालेलं नुकसान. साधी पॉलिसी बहुतेक वेळा तुम्ही जागेवर काम करत असतानाच्या अपघातापुरती असते. हात लागून टीव्ही पडला, शिडी काचेवर गेली, असं. तुमचा नट पाच दिवसांनी सुटला. पूर्ण झालेल्या कामामुळे पुढे होणारं नुकसान समाविष्ट आहे का, हे लेखी विचारा. तुमच्या लायनीत खरी भीती याच गोष्टीची आहे. गळती, शॉर्ट सर्किट, स्टँडवरून सरकलेला एसीचा आउटडोअर (बाहेरचा भाग), हे सगळं तुम्ही घरी जेवायला बसलेले असताना होतं.

दुसरी, ताब्यातली वस्तू. ज्या मशीनवर तुम्ही काम करताय ते तुमच्या ताब्यात आहे असं धरलं जातं, आणि ताब्यातल्या वस्तूचं नुकसान बहुतेक पॉलिसींमध्ये वगळलेलं असतं. म्हणजे एसी दुरुस्त करताना पीसीबी (आतला सर्किट बोर्ड) जळाला तर पैसे नाहीत, त्या एसीच्या आगीने पडदे आणि सोफा जळाला तर विचार होईल. तुमचं काम पुन्हा करून देण्याचा खर्चही कोणी देत नाही. तो धंद्याचाच खर्च.

तिसरी, तारीख. आपल्याकडे या पॉलिसी बहुधा दावा ज्या मुदतीत दाखल झाला त्यावर चालतात. काम मार्चमध्ये केलं, पॉलिसी एप्रिलमध्ये बंद पडली, दावा मे महिन्यात आला, तर हातात काही नाही. खंड पडू देऊ नका, आणि नूतनीकरण करताना मागची तारीख (ज्या तारखेपासूनची कामं धरली जातात ती) तशीच चालू ठेवली आहे का ते पाहा.

आणि एक, हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल. विमा असता तरी तुमचा दावा अडचणीत आला असता, कारण तुम्ही चूक लगेच कबूल केलीत आणि रक्कमही ठरवलीत. या पॉलिसींमध्ये अट असते की कंपनीच्या संमतीशिवाय जबाबदारी मान्य करायची नाही, पैसे कबूल करायचे नाहीत. ग्राहकाशी माणुसकीने बोला, पाणी उपसायला पोरं पाठवा, नळ बंद करा, फोटो काढा. पण "पैसे मी देतो" म्हणण्याआधी विमा कंपनीला कळवा.

तीन_हात_नाका

सगळं ठीक, पण शेवटी पैसे मिळतात का? माझ्या मेहुण्याच्या दुकानात चोरी झाली, दावा नामंजूर झाला. त्यापेक्षा दर महिन्याला पाच हजार बाजूला टाकावेत, आपला विमा आपणच.

सूक्ष्मदर्शी

राग समजतो. चोरीच्या पॉलिसीत कुलूप तोडल्याच्या, जबरदस्तीने घुसल्याच्या खुणा लागतात. दुकान उघडं असताना गल्ल्यावरून वस्तू गेली तर ती या व्याख्येत बसत नाही. मेहुण्यांचं तसं काही होतं का, पत्रात कारण लिहिलेलं असेल, ते पाहा.

बाजूला पैसे टाकणं चांगलंच. पण महिना पाच हजारांनी वर्षाला साठ हजार होतात. इनलेट पाईप त्यात निभावेल. पोरगा अकराव्या मजल्यावरून पडला तर निभावणार नाही.

वाळवण

मी खारघरमधल्या एका सोसायटीच्या कमिटीवर आहे, म्हणून दुसरी बाजू सांगते. आम्हीही गेटवर अशीच सूचना लावली होती. खरं सांगायचं तर "विम्याची प्रत" म्हणजे नेमकी कुठली, हे आम्हालाच ठाऊक नव्हतं. एक मुलगा मोटरसायकलचा विमा दाखवून आत गेला आणि वॉचमनने रजिस्टरमध्ये "विमा आहे" असं लिहिलं. ते पाहिल्यावर मला फार अस्वस्थ वाटलं, कारण तो मुलगा चौदाव्या मजल्याच्या छज्ज्यावर उतरणार होता आणि कमरेला नायलॉनची दोरी होती. दुसरं टोक खिडकीच्या ग्रिलला.

त्यानंतर आम्ही नियम बदलला. बाहेरच्या बाजूला उतरायचं असेल तर पूर्ण अंगाचा सेफ्टी हार्नेस आणि दोन माणसं, नाहीतर काम नाही. ग्रिलला दोर बांधायचा नाही. विमा विचारतो तो आता मुलांचा आधी विचारतो, फॉल्स सीलिंगचा नंतर.

हवाबदल

सूक्ष्मदर्शी, इतकं स्पष्ट मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. आभारी आहे.

वाळवणताई, तुमचा प्रतिसाद वाचून रात्री झोप नीट लागली नाही. माझीही पोरं ग्रिललाच दोर बांधतात. हार्नेस दुकानात एकच आहे, तोही बहुतेक वेळा बॅगेतच राहतो, कारण मे महिन्यात दिवसाला सहा-सहा कामं असतात आणि घालायला-काढायला वेळ जातो.

पोरांचा मी पंतप्रधान सुरक्षा विमा काढून दिलाय, बँकेतून वर्षाला २० रुपये कापले जातात. तो पुरणार नाही का?

नोंदवही

कामगार नुकसानभरपाईच्या प्रकरणांत मी काम करते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर : तो विमा चांगला आहे, चालू ठेवा, पण तो त्या मुलाचा आहे. तुमची जबाबदारी त्याने कमी होत नाही.

प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजनेत अपघाती मृत्यूला किंवा पूर्ण कायमच्या अपंगत्वाला २ लाख मिळतात, अंशतः कायमच्या अपंगत्वाला १ लाख. हात मोडून तीन महिने घरी बसला तर त्यात काही नाही.

तुमची जबाबदारी वेगळीच आहे. आधी १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने होती, २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता २०२० लागू झाली आणि भरपाईचं सगळं तिच्यात आलं. हिशेबाची पद्धत तीच. कामामुळे आणि काम करताना अपघात झाला तर मालकाने भरपाई द्यायची. मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराच्या ५० टक्के गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. पूर्ण कायमचं अपंगत्व आलं तर ६० टक्के गुणिले तोच आकडा. पगार जास्त असला तरी हिशेबाला महिना १५,००० धरायचे, ही मर्यादा जानेवारी २०२० पासूनची.

तुमच्याकडे २४ वर्षांचा मुलगा आहे असं धरा, पगार १५ हजार किंवा वर. २४ वयाचा आकडा २१८.४७. मृत्यूला ७,५०० गुणिले २१८.४७, म्हणजे १६,३८,५२५ रुपये. पूर्ण अपंगत्वाला ९,००० गुणिले २१८.४७, म्हणजे १९,६६,२३० रुपये. शिवाय उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाचा. महिन्याभरात रक्कम दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर भरपाईच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड. हा दंड विमा कंपनी भरत नाही, तो मालकाच्या खिशातून जातो.

"माझ्याकडे तो रोजंदारीवर होता", "पगारपत्रक नव्हतं", ही उत्तरं मी दर महिन्याला ऐकते. रोजंदारीने जबाबदारी जात नाही. उलट हजेरी वही नसेल तर पगार किती होता हे समोरचे सांगतात आणि तुमच्याकडे दाखवायला काही उरत नाही.

दहापेक्षा कमी माणसं असल्यामुळे ईएसआय (कामगारांचा सरकारी राज्य विमा) तुम्हाला सक्तीने लागू नाही. म्हणूनच सगळा भार थेट तुमच्यावर येतो. बाजारात ज्याला डब्ल्यूसी (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन, म्हणजे कामगार भरपाई) पॉलिसी म्हणतात ती यासाठी. आणि नव्या संहितेत घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघातही, कामाशी संबंध असेल तर, धरला जातो. तुमची पोरं तर दिवसभर रस्त्यावरच असतात.

पानेवाला

सोळा लाख. मी हा आकडा आज पहिल्यांदा वाचला. माझ्याकडे एकच मुलगा आहे, २१ वर्षांचा, गावाकडून आणलेला. त्याच्या आईला मी शब्द दिलाय.

नोंदवहीताई, डब्ल्यूसी पॉलिसीत काय पाहायचं?

नोंदवही

पानेवाला, २१ वयाचा आकडा २२२.७१ आहे, म्हणजे रक्कम थोडी अजून वर.

प्रीमियम तुम्ही जाहीर केलेल्या पगारावर ठरतो. पैसे वाचवायला पगार कमी दाखवला तर दाव्याच्या वेळी वाद होतो, म्हणून खरा लिहा. कामाचं वर्णन खरं लिहा : "एसी व घरगुती उपकरणे बसवणे व दुरुस्ती, इमारतीच्या बाहेरच्या बाजूला उंचीवरील कामासह". फक्त "इलेक्ट्रिकल दुकान" लिहिलंत आणि मुलगा छज्ज्यावरून पडला, तर पहिला आक्षेप तोच येणार. उपचाराचा खर्च मूळ पॉलिसीत बहुधा नसतो, जादा प्रीमियम भरून जोडावा लागतो. तो जोडाच. आणि सीझनला घेतलेला जादा माणूस आला त्या दिवशी कळवायचं, महिन्याच्या शेवटी नाही.

कोपरखैरणेकर

मी एका ॲपवरून कामं घेतो, दुकान नाही. कंपनी म्हणते आमचा अपघात विमा आहे. मग मला काही लागतं का?

नोंदवही

ॲपच्या कामावर असतानाच लागू आहे की दिवसभर, ते पाहा. बाहेरचं खासगी काम करताना तो बहुधा नसतो. नव्या संहितेत ॲप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम गिग कामगारांच्या निधीत भरायची तरतूद आहे. त्यासाठी ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करून ठेवा. पण स्वतःचा वैयक्तिक अपघात विमा घ्याच. "सरल सुरक्षा बीमा" ही ठरावीक नमुन्याची पॉलिसी आहे, अडीच लाखांपासून एक कोटीपर्यंत. त्यात तात्पुरतं काम बंद पडलं तर आठवड्याला पैसे देणारा भाग ऐच्छिक असतो. हातावर पोट असणाऱ्याने तोच भाग आधी मागावा.

सूक्ष्मदर्शी

दुकानाबद्दल थोडक्यात. छोट्या धंद्यांसाठी १ एप्रिल २०२१ पासून "भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा" नावाची ठरावीक पॉलिसी आहे, एका जागेवरची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर. आग, पूर, वादळ त्यात येतं. कळव्यात, किंवा वंदना टॉकीजसारख्या पाणी तुंबणाऱ्या भागात तळमजल्यावर दुकान असेल तर पुराचा भाग महत्त्वाचा. मालाची किंमत कमी लिहिली तर भरपाईही त्याच प्रमाणात कमी होते, फक्त १५ टक्क्यांपर्यंतचा फरक ही पॉलिसी माफ करते.

दुरुस्तीला आलेली ग्राहकांची मशीनं तुमची मालमत्ता नाहीत. ती पॉलिसीत "दुसऱ्यांचा सांभाळायला ठेवलेला माल" म्हणून वेगळी दाखवावी लागतात. पावसाळ्यात तुमच्या दुकानात एका वेळी किती फ्रिज असतात ते मोजा आणि तो आकडा लिहा. हत्यारं दुकानात असताना एक गोष्ट, मोटरसायकलवर असताना दुसरी. व्हॅक्यूम पंप, मॅनिफोल्ड, हॅमर ड्रिल बाहेर फिरत असेल तर तसं सांगून वेगळं कवच मागा.

आणि एसी-फ्रिजमध्ये भरायचा गॅस. आर-३२ थोडा ज्वलनशील, आर-२९० म्हणजे प्रोपेन, पूर्ण ज्वलनशील. फ्रिजमधला आर-६००ए सुद्धा. दुकानात सिलिंडर ठेवता हे प्रस्तावात लिहा. लपवलं आणि आग लागली, तर सगळं त्या एका ओळीवर अडतं.

पानेवाला

गॅसचा विषय निघाला म्हणून तरुण पोरांसाठी लिहितो. लाईनची प्रेशर टेस्ट नायट्रोजननेच करा. काही जण ब्रेझिंगच्या (तांब्याचे पाईप जोडण्याच्या) सेटमधला ऑक्सिजन लावतात. कंप्रेसरच्या तेलाशी दाबाखाली ऑक्सिजन आला की स्फोट होतो. पंपडाऊन करतानाही (गॅस आउटडोअरमध्ये ओढून घेताना) सक्शनला, म्हणजे ओढणाऱ्या बाजूला, हवा ओढली जात असेल तर कंप्रेसर ताबडतोब बंद करा, आतली हवा आणि तेल मिळून तो फुटतो. अशा वेळी समोर तोंड करून बसलेला माणूस वाचत नाही.

तीन_हात_नाका

मेहुण्याचं पत्र शोधून वाचलं. खरंच तसंच होतं, शटर अर्धं उघडं होतं. पण मग दावा चुकीचा नाकारला गेला असेल तर छोट्या माणसाने जायचं कुठे? कोर्टात?

सूक्ष्मदर्शी

कोर्टाआधी विमा लोकपाल. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी द्या. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत लोकपालाकडे. फी नाही, वकील लागत नाही. ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात, आणि एकट्या मालकाचा धंदा किंवा सूक्ष्म उद्योग असला तरी जाता येतं. म्हणून सरकारची उद्यम (छोट्या धंद्यांची) नोंदणी करून ठेवा, ती फुकट आहे. ठाणे आणि नवी मुंबईसाठी लोकपालाचं कार्यालय ठाण्यातच आहे. विमा नियामक आयआरडीएआयचा १५५२५५ हा तक्रारीचा फोन क्रमांकही आहे.

ग्राहक उलट तुमच्यावर जाऊ शकतो हेही लक्षात असू द्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष सेवेबद्दल दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या कामाला त्याला फीही लागत नाही. म्हणून काम झाल्याचे फोटो दोन वर्षं जपून ठेवा. जोडलेला पाईप, क्लॅम्प, आउटडोअरचे चारही बोल्ट, अर्थिंग तपासल्याचं मीटरचं रीडिंग. मी पाहिलेल्या दाव्यांत फोटो असणारा माणूस निम्मी लढाई तिथेच जिंकलेला असायचा.

वाळवण

अर्थिंगचं लिहिलंत ते बरं केलंत. आमच्याकडे दोन घरांत गीझरच्या पॉइंटला अर्थिंगच नव्हतं आणि हे टेक्निशियननेच शोधून काढलं. घरमालकांना ते लेखी कळवा, "अर्थिंग नाही, करून घ्या, तोवर मशीन चालू करणार नाही". त्यात तुमचंही रक्षण आहे, आमचंही.

हवाबदल

तीन आठवड्यांनी लिहितोय. सीझन चालू आहे, म्हणून उशीर झाला.

तिन्ही पोरांची डब्ल्यूसी पॉलिसी आधी घेतली, उपचाराच्या खर्चासह. प्रस्तावात उंचीवरचं काम स्पष्ट लिहिलं. एजंट म्हणाला त्याने प्रीमियम वाढेल, वाढला, भरला. पगार खरा लिहायचा म्हणून हजेरी वही सुरू केली. पहिल्या दिवशी पोरांनी सही केली तेव्हा सगळ्यात धाकटा म्हणाला, "दादा, म्हणजे आपण आता कामाला आहोत ना?" तो माझ्याकडे दोन वर्षं आहे. मी काहीच बोलू शकलो नाही.

पब्लिक लायबिलिटी अजून घेतलेली नाही. पूर्ण झालेल्या कामानंतरच्या नुकसानीबद्दल तीन ठिकाणी लेखी विचारलं. एकाने उत्तर दिलं नाही, एकाने "असतं" असं फोनवर सांगितलं, लिहून देत नाही. तिसऱ्याने पॉलिसीचा मसुदा पाठवला. त्यातली एक ओळ अशी आहे : "विमाधारकाने केलेल्या सदोष कामाची दुरुस्ती अथवा बदल यांचा खर्च वगळून." सूक्ष्मदर्शी, याचा अर्थ खालच्या फ्लॅटचं सीलिंगही वगळलं असा होतो का?

हार्नेस आणखी दोन आणले. घालायला सात मिनिटं लागतात, मोजली. दिवसाचं एक काम कमी घेतो.

सूक्ष्मदर्शी

नाही. त्या ओळीत वगळलंय ते तुमचं काम : नवा नट, नवा पाईप, पुन्हा बसवण्याची मजुरी. खालचं सीलिंग हे तिऱ्हाइताच्या मालमत्तेचं नुकसान, ते वेगळं. पण त्याच मसुद्यात "ताबा सोडल्यानंतर" किंवा "काम सुपूर्द केल्यानंतर" असे शब्द असलेलं आणखी एखादं कलम आहे का ते शोधा, बहुतेक शेवटून दुसऱ्या पानावर, वगळलेल्या गोष्टींच्या यादीत. सापडलं तर जसंच्या तसं इथे टाका. एका घटनेची मर्यादा आणि वर्षाची मर्यादा किती लिहिली आहे, आणि प्रत्येक दाव्यात तुम्ही स्वतः किती सोसायचं, तेही.

हवाबदल

सापडलं, कलम आहे. उद्या सकाळी पातलीपाड्याला दोन आउटडोअर चढवायचे आहेत, ते करून दुपारी पूर्ण पान टाइप करून टाकतो.

पानेवाला

टाका दादा. मी त्याच्यासाठीच थांबलोय. आणि हार्नेस कुठून आणलेत तेही लिहा, मला दोन हवे आहेत.